न्यायमूर्तींना कोण नेमतो, आणि आपल्याला त्याचे काय?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्यांच्या तोंडून ही म्हण निघाली त्यांच्या घरी जमीन होती, वाडा होता, गावात शब्दाला वजन होते. कोर्टाबाहेरच त्यांची कामे होत होती. ज्याच्याजवळ यांतले काहीच नव्हते, त्याला मात्र कोर्टाच्या पायरीवाचून दुसरी पायरीच नव्हती. देवळाची पायरी बंद, पाणवठ्याची पायरी बंद, चावडीची पायरी बंद. उघडी होती ती एकच, कोर्टाची!

चवदार तळ्याचेच घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला त्या तळ्याचे पाणी प्याले, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण पुढे काय झाले, हे किती जणांना ठाऊक आहे? डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरायच्या आधीच सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी भरू नये अशी पुरातन वहिवाट आहे, हे त्यांचे म्हणणे. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि कागद हातात घेतला. महाडचे कोर्ट झाले, ठाण्याचे कोर्ट झाले, शेवटी मुंबई हायकोर्ट झाले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने सांगितले की, अशी पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. म्हणजे पाण्याच्या एका ओंजळीसाठी दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले. त्या दहा वर्षांत समोर बसलेला न्यायाधीश जर गावच्या पुढाऱ्यांच्या खिशातला असता, तर?

म्हणून या वेळी आपण असा विषय घेतला आहे, जो वर्तमानपत्रात आला की आपण पान उलटतो. सुप्रीम कोर्टाच्या आणि हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना कोण नेमतो? कसे नेमतो? आणि ते स्वतंत्र राहतात म्हणजे नेमके काय? हा मोठ्या लोकांचा विषय आहे असे समजू नका. जातपडताळणीचा दाखला अडकला, नोकरीतली बढती अडली, झोपडपट्टीवर बुलडोझर आला, अॅट्रॉसिटीच्या आरोपीला जामीन मिळाला, की शेवटी आपला कागद याच लोकांच्या टेबलावर जातो.

घटनेने केलेली तटबंदी

न्यायाधीश स्वतंत्र असावा म्हणजे तो फार थोर मनाचा असावा असे नव्हे. थोर मनाच्या भरवशावर घटना लिहिली जात नाही. न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल दिला तरी त्याचा पगार थांबू नये, त्याची नोकरी जाऊ नये, त्याला रागाने दूर फेकता येऊ नये, अशी व्यवस्था करावी लागते. आपल्या घटनेने ती केली. सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंत आणि हायकोर्टाचा ६२ व्या वर्षापर्यंत पदावर राहतो. त्याचा पगार दरवर्षी आमदार-खासदारांच्या मतदानावर अवलंबून ठेवलेला नाही. त्याला काढायचे तर गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता सिद्ध व्हावी लागते. शिवाय संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत लागते. हे इतके अवघड आहे की १९९३ साली लोकसभेत असा एक ठराव आला, तेव्हा मोठ्या पक्षाचे खासदार तटस्थ राहिले आणि ठराव पडला.

म्हणजे एकदा आत गेलेल्याला बाहेर काढणे जवळपास अशक्य. मग सारे महत्त्व येते ते दाराला. आत कोण जाणार, हे कोणी ठरवायचे?

घटना समितीत २४ मे १९४९ रोजी यावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी दोन देशांची उदाहरणे समोर ठेवली. इंग्लंडमध्ये तेव्हा राजाच्या नावाने सरकारच न्यायाधीश नेमत असे, त्याला कसलीच मर्यादा नव्हती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे आणि सिनेटने संमती द्यायची. पहिल्यात सारा अधिकार सरकारच्या हाती, दुसऱ्यात राजकीय देवघेवीची भीती. म्हणून बाबासाहेबांनी मधला रस्ता काढला. राष्ट्रपतींनी नेमणूक करावी, पण सरन्यायाधीश व इतर न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून. काही सभासद म्हणाले, नुसता विचारविनिमय नको, सरन्यायाधीशांची संमतीच सक्तीची करा. बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. सरन्यायाधीश हे फार मोठे गृहस्थ असतील, पण तेही शेवटी माणूसच आहेत, आपल्यासारखेच दोष, भावना आणि पूर्वग्रह त्यांनाही आहेत, आणि नकाराधिकार त्यांच्या एकट्याच्या हाती देणे धोक्याचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

बंधू-भगिनींनो, हे नीट लक्षात घ्या. बाबासाहेबांनी सरकारवरही आंधळा विश्वास ठेवला नाही आणि न्यायमूर्तींवरही ठेवला नाही. पुढच्या पंचाहत्तर वर्षांत दोन्हीकडून काय घडले ते पाहिले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीची खात्री पटते.

सरकारच्या हाती दार होते तेव्हा

सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश होणार, असा शिरस्ता पडला होता. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला. तेरा न्यायमूर्तींपैकी सात जणांनी सांगितले की, संसदेला घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ गाभा मोडता येणार नाही. इंदिरा गांधींच्या सरकारला हे रुचले नाही. दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमल्याचे जाहीर झाले. डावललेल्या तिघांनीही राजीनामे दिले.

मग आली आणीबाणी. हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात टाकलेली. अनेक हायकोर्टांनी धाडस करून त्यांची दाद ऐकली, तर १९७६ मध्ये सोळा हायकोर्ट न्यायमूर्तींच्या परप्रांतात बदल्या झाल्या. २८ एप्रिल १९७६ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला की, तुरुंगात टाकलेल्या माणसाला आणीबाणीत कोर्टाकडे दाद मागता येते की नाही? चौघे म्हणाले, येत नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना म्हणाले, येते. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीश होण्याची पाळी खन्ना यांची होती. सरकारने त्यांना डावलून त्यांच्या मागचे बेग यांना नेमले. खन्ना राजीनामा देऊन घरी गेले.

जे कलम बाबासाहेबांना घटनेचा आत्मा वाटत होते ते कलम ३२, म्हणजे थेट सुप्रीम कोर्टात जाऊन मूलभूत हक्क मागण्याचा हक्क. तो त्या काळात कागदावर पडून होता. दार सरकारच्या हाती असले म्हणजे काय होते, त्याचे याहून दुसरे उदाहरण नको.

दार न्यायमूर्तींच्या हाती आले

१९८१ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेच शेवटचा शब्द सरकारचा ठेवला होता. १९९३ साली नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो फिरवला. घटनेतल्या 'विचारविनिमय' या शब्दाला त्यांनी संमतीचे वजन दिले. सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालचे दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती मिळून नाव ठरवतील आणि त्यांचे मत वरचढ राहील, असे ठरले. १९९८ साली राष्ट्रपतींनी मागितलेल्या सल्ल्यावर दोनाचे चार झाले. म्हणजे सुप्रीम कोर्टासाठी सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायमूर्ती. यालाच कॉलेजियम किंवा न्यायवृंद म्हणतात. हायकोर्टासाठी तिथले मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी नाव पाठवतात, मग ते सुप्रीम कोर्टाकडे जाते. सरकारला एकदा नाव परत पाठवता येते, पण न्यायवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवले तर नेमणूक करणे बंधनकारक आहे.

कागदावर हे चोख दिसते. प्रत्यक्षात सरकारजवळ एक हत्यार उरलेच. ते म्हणजे फाईल दाबून ठेवणे! १० जानेवारी २०१८ रोजी न्यायवृंदाने न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांचे नाव सुप्रीम कोर्टासाठी पाठवले. उत्तराखंडातील राष्ट्रपती राजवट २०१६ साली रद्द ठरवणाऱ्या खंडपीठाचे ते प्रमुख होते. एप्रिलमध्ये सरकारने नाव परत पाठवले. न्यायवृंदाने पुन्हा पाठवले. नेमणूक झाली ती ऑगस्टमध्ये. तुम्ही म्हणाल, सात महिन्यांनी काय बिघडते? बिघडते. तेथे ज्येष्ठता शपथेच्या तारखेवरून मोजतात. कंपनीत हजेरीबुकात ज्याचे नाव आधी, तो वरच्या जागेसाठी आधी. आणि सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेवर मिळते.

जॉबरची भरती

आता दुसरी बाजू बघू. न्यायमूर्तींनी न्यायमूर्ती निवडायचे, खोलीत बसून निवडायचे. अर्ज नाही, परीक्षा नाही, जाहिरात नाही. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी गिरणीत खाल्ल्या त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. गिरणीत जॉबर भरती करीत असे. तो मुद्दाम कोणाचा द्वेष करत होता असे नव्हे. तो ओळखीच्या माणसाला घेई. भावकीतला, गाववाला, शेजाऱ्याच्या शिफारशीचा. शेवटी व्हायचे काय, तर चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरकावच नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता.

हायकोर्टाचे तसेच आहे. दहा वर्षे हायकोर्टात वकिली केलेली असावी किंवा दहा वर्षे न्यायिक पदावर असावे, एवढीच घटनेची अट आहे. पण न्यायमूर्तींच्या नजरेत कोण भरतो? ज्याची रोज त्यांच्यासमोर मोठी प्रकरणे असतात तो. मोठी प्रकरणे कोणाकडे येतात? ज्याचे चेंबर जुने, ज्याचे वडील-काका वकील, ज्याला सुरुवातीची पाच वर्षे घरून पैसे मिळतात त्याच्याकडे. आपली पहिल्या पिढीची मुले एल.एल.बी. होतात आणि तालुका कोर्टात बसतात. कारण दुपारच्या डब्याची सोय तेथेच होते. ती दिसतच नाहीत, मग निवडली कशी जातील?

आकडे बघा. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ पासून हायकोर्टांत ६०४ न्यायमूर्ती नेमले गेले. त्यांत खुल्या वर्गातले ४५८, इतर मागासवर्गातले ७२, अल्पसंख्याक ३४, अनुसूचित जातींचे १८ आणि अनुसूचित जमातींचे ९. तेरा जणांची माहिती मिळाली नाही. सहाशे चारांत अठरा! म्हणजे शंभरात तीन.

सुप्रीम कोर्ट २६ जानेवारी १९५० पासूनचे. तेथे अनुसूचित जातीतला पहिला न्यायमूर्ती, न्या. ए. वरदराजन, आला डिसेंबर १९८० मध्ये. तीस वर्षांनी! सरन्यायाधीशपदी पहिले दलित गृहस्थ के. जी. बालकृष्णन, २००७ साली. ते मे २०१० मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर नऊ वर्षे सुप्रीम कोर्टात अनुसूचित जातीचा एकही न्यायमूर्ती नव्हता. १९९८-९९ च्या सुमारास राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नेमणुकीच्या फाईलवर दुर्बल घटकांतील योग्य व्यक्तींचाही विचार व्हावा असे लिहिले, तर केवढी खळबळ उडाली होती! गुणवत्ता, गुणवत्ता असा गजर सुरू झाला. जणू गुणवत्ता ही काही घरांची वतनदारी आहे.

ती नऊ वर्षे आणि २० मार्चचा निकाल

याच नऊ वर्षांत, २० मार्च २०१८ रोजी, सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी अॅट्रॉसिटी कायद्याबाबत निकाल दिला. चवदार तळ्याचीच तारीख! प्रकरणही आपल्याच महाराष्ट्रातले, कऱ्हाडच्या एका सरकारी महाविद्यालयातले. कायद्याचा गैरवापर होतो असे म्हणून कोर्टाने सांगितले की, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, सरकारी नोकराला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची आणि इतरांना अटक करायची तर जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाची मंजुरी लागेल, आणि अटकपूर्व जामिनालाही पूर्ण बंदी राहणार नाही. ज्या बाईच्या फिर्यादीची पोलीस स्टेशनात आधीच दखल घेत नाहीत, तिच्या वाटेत आणखी दोन दरवाजे उभे राहिले.

२ एप्रिल २०१८ रोजी भारत बंद झाला. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश या राज्यांत माणसे प्राणास मुकली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घालून तो निकाल निष्प्रभ केला. आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी पुनर्विचारात ते मुख्य आदेश स्वतःच मागे घेतले. त्या तिघांत न्या. भूषण गवई होते. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने कलम १८-अ वैध ठरवले.

दलित न्यायमूर्ती आले म्हणून निकाल बदलला असे म्हणणे बरोबर होणार नाही. तिघांचाही निकाल एकच होता आणि संसदेची दुरुस्ती आधीच झाली होती. पण एवढे खरे की, दलित माणसाची फिर्याद कशी दाबली जाते याचा घरचा अनुभव असलेला एकही माणूस २०१८ च्या त्या सबंध कोर्टात नव्हता. न्यायमूर्ती आपसांत चहा घेतात, चर्चा करतात, एकमेकांकडून शिकतात. ज्या टेबलाभोवती आपल्यापैकी कोणीच नाही, त्या टेबलावर आपले दुःख ऐकीव राहते.

'आपला' न्यायमूर्ती म्हणजे काय?

न्या. गवई अमरावतीचे. रिपब्लिकन चळवळीतले नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. २००० साली ते नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. सुप्रीम कोर्टात ते २४ मे २०१९ रोजी गेले. त्या वेळी न्यायवृंदाने ठरावात उघड लिहिले की, सुमारे दहा वर्षांनी अनुसूचित जातीचा न्यायमूर्ती येत आहे. १४ मे २०२५ रोजी ते सरन्यायाधीश झाले, या पदावरचे पहिले बौद्ध. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले. जेमतेम सहा महिने! हायकोर्टात ते चार-पाच वर्षे उशिरा नेमले गेले असते, तर बहुधा हे सहा महिनेही आले नसते. वरच्या पदाचा निकाल वीस वर्षे आधीच्या नेमणुकीत लागतो, तो असा.

आपल्या वस्त्यांत पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच झाले. पण एक गोष्ट विसरू नका. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा मार्ग मोकळा केला, तेव्हा बहुमतात न्या. गवईही होते. अनुसूचित जातींतही सधन घटक ओळखून वेगळा काढण्याचे धोरण करावे, असे त्यांनी आपल्या निकालपत्रात लिहिले. समाजात त्यावर दोन तट पडले. २१ ऑगस्टला पुन्हा भारत बंद झाला. कोणी म्हणाले, आपल्याच माणसाने घात केला.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. निकालावर टीका जरूर करावी, त्यातला मुद्दा खोडून काढावा. पण 'आपला' म्हणून त्याने आपल्या बाजूने निकाल द्यावा ही अपेक्षा धरली, तर उद्या दुसऱ्याच्या 'आपल्या' न्यायमूर्तीला आपण कोणत्या तोंडाने दोष देणार? न्यायमूर्ती म्हणजे आपला वकील नव्हे. आपली माणसे तेथे हवीत ती आपल्या बाजूचा निकाल लिहायला नव्हे. आपले जगणे त्या इमारतीला परके राहू नये म्हणून हवीत.

आणखी एक कडू गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. न्या. गवई नेत्याच्या घरातले. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलेले न्या. प्रसन्न वराळे हे निपाणीच्या बळवंतराव वराळे यांचे नातू, बाबासाहेबांच्या सहवासातल्या घरातले. दोघांची योग्यता वादातीत आहे. पण ज्या मुलीचा बाप नगरपालिकेत झाडू मारतो आणि जिने रात्रशाळेतून सनद मिळवली, तिच्यासाठी ते दार अजून किलकिलेही झालेले नाही.

मग दार कोणाच्या हाती द्यावे?

२०१४ साली संसदेने ९९ वी घटनादुरुस्ती करून न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सहा सभासद. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, केंद्रीय कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती. या दोन मान्यवरांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांच्यातला असावा अशी अट होती. आपल्याला हे गोड वाटणे स्वाभाविक होते. पण कोणत्याही दोघांनी विरोध केला की नाव बाद, अशीही तरतूद होती. म्हणजे मंत्री आणि एक मान्यवर मिळून तिन्ही न्यायमूर्तींचे मत पाडू शकत होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मताने हा आयोग रद्द केला. विरोधी मत देणाऱ्या न्या. चेलमेश्वर यांनी न्यायवृंदाचा कारभार किती बंदिस्त आहे यावर नेमके बोट ठेवले.

सरकार म्हणते, न्यायवृंद बंदिस्त आहे. न्यायमूर्ती म्हणतात, सरकारला कह्यातले कोर्ट हवे आहे. दोघांचेही खरे आहे! म्हणून आपण यांच्या भांडणात एकाच्या मागे डोळे मिटून जाऊ नये. १९७३ आणि १९७६ ज्याला आठवते तो नेमणुकीची किल्ली मंत्र्याच्या हाती देणार नाही. आणि सहाशे चारांत अठरा हा आकडा ज्याने वाचला तो बंद खोलीलाही मान डोलावणार नाही.

आपल्या मागण्या साध्या असाव्यात. निवडणाऱ्यांत सरकारचे पारडे जड नसावे, पण समाजाच्या उपेक्षित थरांना जाणणारी स्वतंत्र माणसे त्यांत असावीत. आयोगातली ती एक जागा टाकून देण्यासारखी कल्पना नव्हती, टाकून देण्यासारखी होती ती मंत्र्याच्या हातची किल्ली. सरकारने फाईल किती दिवस ठेवावी याला मुदत असावी आणि ती पाळली जावी. हायकोर्टाच्या नावांचा शोध जिल्हा कोर्टापर्यंत पोचावा. कोणाला का निवडले आणि किती नावे अनुसूचित जाती-जमातींची होती, हे लोकांना कळावे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही वर्षांतल्या शिफारशींची यादी प्रसिद्ध केली. त्यात कोण कोणत्या वर्गातला आणि कोणाचे न्यायमूर्तींशी नाते आहे, हेही दिले. ही सुरुवात चांगली आहे, ती रिवाज झाली पाहिजे.

आणि निवृत्तीनंतरच्या पदांचे काय? १९४९ साली प्रा. के. टी. शहा यांनी अशा पदांवर बंदी सुचवली होती. कोर्टापुढचे वाद बहुतेक नागरिका-नागरिकांतले असतात, सरकारला त्यांत फारसा रस नसतो, म्हणून बाबासाहेबांना ती बंदी गरजेची वाटली नाही. आज चित्र पालटले आहे, आता सरकार हाच देशातला सर्वांत मोठा पक्षकार आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झालेले सरन्यायाधीश मार्च २०२० मध्ये सरकारच्या शिफारशीने राज्यसभेत गेले, तेव्हा लोकांच्या मनात शंका आलीच. म्हणून निवृत्तीनंतर काही वर्षे सरकारी पद घ्यायचे नाही, असा कायदाच हवा. न्या. गवई यांनी असे पद घेणार नाही असे स्वतःहून जाहीर केले, हे अभिनंदनीय आहे. पण चांगली गोष्ट एकेकाच्या सदिच्छेवर सोडू नये, हे तर घटनेनेच आपल्याला शिकवले.

राहिला प्रश्न आपल्या घरचा. खालच्या कोर्टातल्या नेमणुका परीक्षेने होतात. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, तेथे आरक्षण आहे. हायकोर्टाच्या काही जागा जिल्हा न्यायाधीशांतून भरल्या जातात. म्हणजे या रस्त्याने वर जाता येते. मात्र वयाची वीस-बावीस वर्षे हातात हवीत, म्हणून परीक्षा लवकर दिली पाहिजे. मुलगी बारावीला चांगले गुण घेऊन आली की डी.एड. की नर्सिंग एवढाच विचार होतो. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रमही विचारात घ्या. ज्या वस्तीत चार वकील झाले आहेत, त्यांनी नव्या सनदवाल्या मुलांना पहिली तीन वर्षे हायकोर्टात टिकवून धरण्यासाठी दरमहा वर्गणी काढावी. जयंतीच्या मंडपाचा आणि लाऊडस्पीकरचा खर्च थोडा आखडला तर एका मुलाचा रेल्वेचा पास, खोलीभाडे आणि कायद्याची पुस्तके त्यात भागतील.

निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला रस्ता, नळ, गटार यांबद्दल आपण विचारतोच. या खेपेला आणखी एक प्रश्न विचारा. हायकोर्टात आमच्यातले किती, आणि ज्यांची नावे गेली आहेत त्यांच्या फाईली कोणाच्या टेबलावर पडून आहेत? त्याला उत्तर ठाऊक नसेल, तर पुढच्या वेळी घेऊन ये म्हणावे.